४०-३५ हा निकाल वाचायचा कसा?

पुण्यातल्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी अमेरिकेत नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकते. शनिवारी तिकडे कॉलेज फुटबॉल असतं, आणि रविवारी सकाळी चहा घेताना हे पुण्यात निकाल वाचतात. ५ ऑक्टोबर २०२४ चा तो गाजलेला सामना, व्हँडरबिल्ट ४०, अलाबामा ३५, त्यांनी असाच दुसऱ्या दिवशी वाचला. ते विचारतात: ‘नुसता गुणफलक बघून काही कळत नाही. आठवड्याचा खरा चांगला खेळाडू कोण, हे ठरवायचं कसं? आणि कॉन्फरन्स (ही विद्यापीठं ज्या गटात आपसांत खेळतात तो) दर सोमवारी जे मानकरी जाहीर करते, ते कशावरून?’

मी गेली अठरा वर्षं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, एका लहान कॉलेजच्या सामन्यांना प्रेस बॉक्समध्ये आकडे नोंदवायला बसतो. आमचं कॉलेज एसईसीसारख्या (साउथईस्टर्न कॉन्फरन्स, व्हँडरबिल्ट आणि अलाबामा यांचा गट) बड्या कॉन्फरन्समधलं नाही, पण आकडे नोंदवायचे नियम सगळीकडे तेच आहेत. एकाच्या डोळ्याला दुर्बीण. चेंडू कोणी नेला, कोणी पाडलं, किती यार्डांवर पाडलं, हे तो ओरडून सांगतो आणि शेजारचा ते संगणकात भरतो. पुढचा डाव सुरू व्हायला अर्धं मिनिट असतं, तेवढ्यात सगळं भरून झालं पाहिजे. तुम्ही रविवारी सकाळी जो तक्ता बघता, तो असा घाईत, माणसांच्या हातून तयार होतो. म्हणून तो वाचायची सवय लावून घ्यावी लागते.

आधी खेळाचं गणित, अगदी थोडक्यात. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्न मिळतात. चारांत दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा नवे चार. यातला तिसरा प्रयत्न महत्त्वाचा, कारण तो फसला तर चौथ्याला संघ बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडून देतो. कबड्डीतल्या ‘करो या मरो’ चढाईसारखंच हे. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या तरी चालतं, तिसरीला काहीतरी घेऊनच यावं लागतं. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेल्याचे, सहा गुण, त्यावर मारलेल्या किकचा एक, फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारल्याचे, तीन.

आता तो शनिवार. एसईसीत टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यापासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, १६ संघ आहेत. त्या आठवड्यात पाच संघांना सुट्टी होती. बाकीचे निकाल असे: आर्कन्सॉ १९, टेनेसी १४. टेक्सस ए अँड एम ४१, मिझुरी १०. जॉर्जिया ३१, ऑबर्न १३. ओल मिस २७, साउथ कॅरोलिना ३. फ्लोरिडाने कॉन्फरन्सबाहेरच्या सेंट्रल फ्लोरिडाला २४-१३ ने हरवलं. आणि व्हँडरबिल्टचा ४०-३५. अलाबामा त्या दिवशी देशात पहिल्या क्रमांकावर होतं, टेनेसी चौथ्या, मिझुरी नवव्या. तिघंही एकाच दिवशी आडवे झाले.

व्हँडरबिल्टचा विजय एवढा का गाजला, हे समजायला मागचा हिशेब हवा. देशातल्या पहिल्या पाचांतल्या संघाशी ते तोवर साठ सामने खेळले होते आणि साठही हरले होते. अलाबामाला त्यांनी याआधी हरवलं ते १९८४ मध्ये. शिवाय तीनच आठवड्यांपूर्वी ते जॉर्जिया स्टेटसारख्या त्यामानाने लहान संघाकडून ३६-३२ असे हरले होते. अभ्यासासाठी नावाजलेलं विद्यापीठ, फुटबॉलमध्ये कायम तळाला, अशी त्यांची ओळख होती. सामना संपल्यावर मुलांनी गोलचे खांब उपटले आणि ब्रॉडवे रस्त्यावरून मिरवत नेऊन कंबरलँड नदीत टाकले. कॉन्फरन्सने विद्यापीठाला एक लाख डॉलर दंड केला. तुमच्या मुलीने त्या रात्रीचे फोटो पाठवले असतील तर जपून ठेवा.

तक्ता उघडला की बहुतेकांची नजर क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, ओळीवर जाते, आणि इथेच पहिली चूक होते. अलाबामाच्या जेलेन मिलरोने २४ पैकी १८ पास जमवले, ३१० यार्ड. व्हँडरबिल्टच्या डिएगो पाव्हियाने २० पैकी १६, २५२ यार्ड आणि दोन टचडाउन. नुसते यार्ड बघितले तर मिलरो भारी. एकूण यार्डांतही फार फरक नाही, व्हँडरबिल्टचे ४१८, अलाबामाचे ३९४. मग सामना गेला कुठे?

तो दोन ओळींत गेला, आणि त्या तक्त्यात तळाशी असतात. तिसऱ्या प्रयत्नावर व्हँडरबिल्टने १८ पैकी १२ वेळा काम फत्ते केलं. दर तीन ‘करो या मरो’ चढायांपैकी दोन यशस्वी, तेही देशातल्या पहिल्या संघासमोर. दुसरी ओळ चेंडू किती वेळ हातात होता याची: व्हँडरबिल्ट ४२ मिनिटं ८ सेकंद, अलाबामा १७ मिनिटं ५२ सेकंद. सामना साठ मिनिटांचा असतो. कसोटीत एखादा संघ दोन दिवस फलंदाजी करून समोरच्याला उन्हात नुसतं क्षेत्ररक्षण करायला लावतो ना, तसं. अलाबामाचे बचावपटू दमले होते, आणि त्यांचे वेगवान आक्रमक बाकावर बसून होते.

माझ्या मते त्या आठवड्यातल्या सगळ्या निकालांमधलं सगळ्यात बोलकं काही असेल तर ती ४२:०८ ची ओळ.

पण इथे सावध राहा. चेंडू जास्त वेळ हातात असणं म्हणजे चांगलं खेळणं असा सरसकट नियम करू नका. अलाबामाने अठरा मिनिटांपेक्षा कमी वेळात पाच टचडाउन केले, हे विसरून चालणार नाही. मिनिटाच्या हिशेबाने तेच जास्त घातक होते. व्हँडरबिल्टच्या प्रशिक्षकांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी तो रस्ता निवडला. समोरच्याला थांबवता येत नसेल तर त्याला चेंडूच मिळू द्यायचा नाही. ओळ तीच, पण ती ठरवून आली की आपोआप, हे बघायचं. ठरवून आली असेल तर तिसऱ्या प्रयत्नाचा आकडा तिला साक्ष देतो. इथे तो देत होता.

आता पाव्हियाकडे येऊ. त्या २५२ यार्डांच्या शेजारी आणखी एक ओळ आहे, २० वेळा धावून ५६ यार्ड. ही ओळ बघून लोक म्हणतात, ‘धावण्यात काही विशेष नाही, तीन यार्डांनासुद्धा कमी पडला.’ हा नियम माहीत नसल्यामुळे होणारा गैरसमज आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आधी मागेच पाडलं, ज्याला सॅक म्हणतात, तर ते गमावलेले यार्ड त्याच्या धावण्यातून वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये ते पासच्या खात्यातून जातात. समजा एखादा मुलगा दहा वेळा धावला आणि ६१ यार्ड मिळवले, पण चार वेळा सॅक होऊन २९ गमावले. छापील तक्त्यात तो ‘१४ वेळा, ३२ यार्ड’ असा दिसतो. मी हे हाताने भरत आलोय, म्हणून सांगतो, क्वार्टरबॅकच्या धावण्याची सरासरी कधीच तशीच उचलू नका. एकदा सामन्यानंतर एका खेळाडूचे वडील जिना चढून आमच्या खोलीपर्यंत आले होते. हातातला तक्ता पुढे करून म्हणाले, ‘माझ्या पोराच्या धावा कुठे गेल्या?’ मी एकेक डाव लावून दाखवला. शेवटी समजलं त्यांना, पण चेहऱ्यावरचं वाईट वाटणं गेलं नाही. तेव्हापासून मी कुणाच्याही ओळीवर मत देण्याआधी डावांची यादी काढतो.

डावांची यादी म्हणजे सामन्यातला प्रत्येक प्रयत्न क्रमाने लिहिलेला कागद. इंटरनेटवर तो सहज मिळतो, आणि खरा खेळाडू तिथेच सापडतो. पाव्हियाच्या बाबतीत तिथे दिसतं की तो दोन-तीन यार्डांसाठी स्वतः अंगावर मार घेत धडकतो, आणि ते यार्ड नेमके तिसऱ्या प्रयत्नावरचे असतात. चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड हवं असताना सगळ्यांना वाटलं हा आता मुसंडी मारणार. त्याने ज्युनियर शेरिलला ३६ यार्डांचा टचडाउन पास टाकला. चौथ्या प्रयत्नावर असा पास टाकायची परवानगी देणारे प्रशिक्षक क्लार्क ली यांचंही मोठं कौतुक आहे. ते स्वतः याच विद्यापीठाकडून फुलबॅक (आक्रमणातली एक जागा) म्हणून खेळलेले. आणि सामन्याच्या अखेरीस पाच गुणांची आघाडी असताना व्हँडरबिल्टने चेंडू अलाबामाला परत दिलाच नाही, घड्याळ संपवून टाकलं. ते सगळे लहान लहान डाव ठळक बातम्यांत येत नाहीत. सामना मात्र त्यांनीच जिंकून दिला.

पाव्हिया आला कुठून, हेही सांगतो, कारण त्याशिवाय तो आठवडा अपुरा राहील. न्यू मेक्सिकोतला अल्बुकर्कीचा मुलगा. शाळेत कुस्ती खेळलेला, आणि त्याला धडकताना बघितलं की ते लगेच ओळखू येतं. मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नाही म्हणून तो रॉझवेलच्या न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला आणि २०२१ मध्ये त्यांना ज्युनियर कॉलेजांचं (तिकडे अशा दोन वर्षांच्या कॉलेजांना हेच म्हणतात) राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं. तिथून न्यू मेक्सिको स्टेट. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या संघाने ऑबर्नच्या मैदानावर जाऊन एसईसीच्या ऑबर्नला ३१-१० ने लोळवलं, क्वार्टरबॅक हाच. तिथले मुख्य प्रशिक्षक जेरी किल आणि आक्रमणाची आखणी करणारे टिम बेक हेही पुढे व्हँडरबिल्टला आले. इलाय स्टॉवर्ससुद्धा न्यू मेक्सिको स्टेटहूनच आलेला. अलाबामाविरुद्ध स्टॉवर्सने ६ झेल घेत ११३ यार्ड काढले. हा मुलगा मुळात क्वार्टरबॅक होता, नंतर टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि पास झेलणारा खेळाडू, झाला. म्हणून त्याला पास कुठे पडणार हे आधीच कळतं, असं मला त्याचा खेळ बघताना वाटत राहतं. म्हणजे नॅशव्हिलला त्या दिवशी जे घडलं, त्याची जुळवाजुळव आधीच्या वर्षी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाली होती.

बचावाचे मानकरी ओळखणं सगळ्यात अवघड. त्या सामन्यात रँडन फाँटेनेटने सुरुवातीलाच मिलरोचा पास पळवला आणि २९ यार्ड धावत टचडाउन केला. व्हँडरबिल्टची आघाडी १३-० झाली. हे डोळ्यात भरणारं काम, आणि त्याला मान मिळायलाच हवा. पण दुसऱ्या अर्धात माइल्स केपर्सने मिलरोला धडक देऊन चेंडू सोडवला आणि यिलानान वाटाराने त्यावर झेप घेतली, तेव्हा तक्त्यात एकाच्या नावावर सॅक आणि सुटलेला चेंडू लागला, दुसऱ्याच्या नावावर चेंडू मिळवणं. त्याच वेळी ज्या तिसऱ्याने दोन आक्रमकांना अंगावर घेऊन केपर्सला वाट करून दिली असेल, त्याच्या नावावर काहीच लागत नाही. अशा खेळाडूसाठी रकानाच नाही. म्हणून बचावाचा निवाडा मी कधीच फक्त कागदावरून करत नाही.

टॅकलच्या, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला पाडल्याच्या, आकड्यांवर तर फार विसंबू नका. एकट्याने पाडलं की मदतीने, हे यजमान संघाचा नोंदणी चमू ठरवतो. ढिगाऱ्यात चार जण पडलेले असतात, आणि वर बसून कोणाचा हात आधी लागला हे ठरवायला सेकंद-दोन सेकंद. काही ठिकाणचे चमू ‘मदत’ सढळ हाताने वाटतात, काही हात आखडता घेतात. रविवारी प्रशिक्षक चित्रफीत बघून फोन करतात, ‘तो टॅकल बावन्न नंबरचा नाही, चव्वेचाळीसचा आहे,’ आणि आम्ही दुरुस्ती पाठवतो. त्यामुळे एखाद्याचे बारा टॅकल आणि दुसऱ्याचे नऊ, यात पहिला श्रेष्ठ असं म्हणायला मी कधीच धजावत नाही.

आता सोमवारच्या मानकऱ्यांबद्दल. विद्यापीठांचे माहिती अधिकारी आपापल्या खेळाडूंची नावं आकड्यांसकट पाठवतात, आणि अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला कॉन्फरन्सचं कार्यालय आहे तिथून निवड जाहीर होते. आक्रमण, बचाव, स्पेशल टीम्स (लाथेने चेंडू मारायचे डाव), पहिल्या वर्षाचा खेळाडू, आणि दोन्ही बाजूंच्या लाइनमनना, म्हणजे पुढच्या फळीत समोरासमोर भिडणाऱ्यांना, वेगवेगळा मान. लाइनमनचा वेगळा मान ही मला एसईसीची सगळ्यात न्याय्य गोष्ट वाटते. आक्रमणाच्या लाइनमनला तक्त्यात जागाच नसते. तो पाव्हियासमोर साठ-सत्तर डाव ढाल बनून उभा राहतो आणि कागदावर त्याचं नाव एकदाही येत नाही. त्याची निवड होते ती प्रशिक्षकांनी चित्रफीत बघून दिलेल्या गुणांवर आणि समोरच्याला किती वेळा आडवं केलं यावर.

या निवडीत एक कल मात्र ठळक असतो, जिंकलेल्या संघाचं पारडं जड राहतं. तो कल किती वाहवत नेतो, हे याच शनिवारच्या दोन धावपटूंवरून बघा. ए अँड एमच्या लेव्हिऑन मॉसने मिझुरीविरुद्ध १२ वेळा धावून १३८ यार्ड काढले, तीन टचडाउन. टेनेसीच्या डिलन सॅम्पसनने आर्कन्सॉविरुद्ध २२ वेळा धावून तेवढेच १३८ यार्ड काढले, दोन टचडाउन. एकाचा संघ ४१-१० ने जिंकला, दुसऱ्याचा १९-१४ ने हरला. बोलबाला मॉसचा झाला. माझं मत विचाराल तर सॅम्पसनचे १३८ अधिक कष्टाचे होते. मॉसच्या १३८ मध्ये एकाच डावात ७५ यार्ड आले, दुसऱ्या अर्धाच्या पहिल्याच डावाला. तो वेग अप्रतिम, त्यात शंका नाही. पण तो डाव वजा केला तर उरतात ११ डावांत ६३ यार्ड. सॅम्पसनच्या संघाचं पासिंग त्या रात्री चालतच नव्हतं, आर्कन्सॉला माहीत होतं की चेंडू याच्याच हातात येणार, आणि तरी टेनेसीचे दोन्ही टचडाउन त्यानेच केले. मोसमाच्या शेवटी एसईसीचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू म्हणून निवड झाली ती सॅम्पसनची. मॉसचा मोसम मात्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला साउथ कॅरोलिनाविरुद्ध गुडघ्याच्या दुखापतीने संपला, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आर्कन्सॉच्या विजयातही एक नाव राहून जातं. नेहमीचा क्वार्टरबॅक टेलन ग्रीन जखमी होऊन बाहेर गेला आणि बदली आलेल्या मलाकाय सिंगलटनने शेवटच्या दोन मिनिटांत ११ यार्ड धावून सामना फिरवला. त्याची आकड्यांची ओळ चिमुकली आहे. ती ओळ नुसती यार्डांनी मोजली तर तो तुम्हाला दिसणारच नाही. घड्याळाचा रकाना बघितला तर दिसतो.

रविवारी दुपारी पत्रकारांच्या मतांवरची क्रमवारी येते, तिच्याकडे फार गांभीर्याने बघू नका. त्या रविवारी पहिल्या क्रमांकावर गेलं टेक्सस. त्या आठवड्यात टेक्सस खेळलंच नव्हतं. सुट्टीवर होते, वरचे घसरले आणि हे वर गेले. अलाबामा सातवर आलं. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याला कोण जाणार हे या क्रमवारीवर ठरत नाही. एसईसीत आता विभाग नाहीत, कॉन्फरन्समधल्या सामन्यांच्या हार-जितीवरून वरचे दोन संघ अटलांटाला खेळतात. २०२४ मध्ये ते टेक्सस आणि जॉर्जिया होते आणि जॉर्जिया जादा वेळेत २२-१९ ने जिंकलं.

एका आठवड्यावरून कुणाला डोक्यावर घेऊ नये, तसं कुणाला निकालातही काढू नये. त्या शनिवारी सगळ्यात वाईट हरलेल्यांपैकी एक संघ होता साउथ कॅरोलिना, २७-३. पुढच्या आठवड्यात ते अलाबामाशी २७-२५ असे निसटते हरले. आणि मग सलग सहा सामने जिंकले, त्यात ए अँड एमवरचा ४४-२० हा विजयही आला. उलट आर्कन्सॉने टेनेसीला हरवल्यावर पुढचाच सामना एलएसयूकडून ३४-१० ने गमावला. मी स्वतः दर आठवड्याची पानं एका फायलीत ठेवतो आणि तीन आठवड्यांनी मागची पुन्हा काढून बघतो. ज्याचा तिसऱ्या प्रयत्नावरचा खेळ तीनही पानांवर टिकलेला दिसतो, त्याच्या नावाखाली रेघ मारतो.

पाव्हियाच्या नावाखालची रेघ टिकली. पुढच्याच आठवड्यात व्हँडरबिल्टने केंटकीला त्यांच्या मैदानावर २०-१३ ने हरवलं, मोसमाच्या शेवटी बर्मिंगहॅम बोल या सामन्यात जॉर्जिया टेकला ३५-२७ ने. ज्युनियर कॉलेजातली वर्षं विद्यापीठाकडून खेळायच्या ठरावीक मुदतीत धरू नयेत म्हणून तो न्यायालयात गेला, डिसेंबर २०२४ मध्ये तिथून मनाई हुकूम मिळवला आणि २०२५ चा मोसमही खेळला. त्या मोसमात अलाबामाने आपल्या मैदानावर ३०-१४ अशी परतफेड केली, पण व्हँडरबिल्टने नियमित मोसमात दहा सामने जिंकले आणि हाइजमन ट्रॉफीच्या (वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू) मतदानात पाव्हिया दुसरा आला.

पुढच्या रविवारी तक्ता उघडाल तेव्हा गुणफलक बघितल्यावर थेट तळाशी जा. तिसऱ्या प्रयत्नाची ओळ, चेंडू गमावल्याची ओळ, घड्याळाची ओळ, या क्रमाने. मग डावांची यादी काढा आणि शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू कोणाच्या हातात होता ते बोटाने वाचत जा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. काही अडलं तर त्या डावाची ओळ तशीच्या तशी मला लिहून पाठवा, कुणी काय केलं ते आपण बसून लावू.